शेटलंडच्या खाडीतला नारळ

पुण्याला परत आल्यापासून ज्याला त्याला एकच विचारायचंय, देवमासा दिसला का? भिशीतल्या मैत्रिणी विचारतात, खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारतात, अगदी इस्त्रीवालासुद्धा विचारतो. मी "दिसला" म्हणते आणि चहा टाकायला उठते. मग फोटो दाखवा म्हणतात. फोटो एकही नाही. एवढ्या लांब जाऊन एकही फोटो नाही म्हटल्यावर बायका एकमेकींकडे बघतात. बाई लेकीच्या पैशाने नुसती थंडी खाऊन आल्या, असं त्यांना वाटत असणार. तेव्हा एकदाच सगळं लिहून काढते. यापुढे कुणी विचारलं तर हेच कागद हातात देईन.

आधी माझी ओळख. मी मूळची मालवणची. वडील रापणीवर होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या गावाने मिळून ओढायचं भलंमोठं जाळं. लग्न होऊन पुण्यात आले, टेलिफोन खात्यात नोकरी केली, मुलगी वाढवली आणि मालवण मागे पडलं. एक नारळी पौर्णिमा मात्र मी सोडली नाही. पुण्यात समुद्र कुठून आणणार? म्हणून दरवर्षी मुठेच्या पुलावर जायचं, डोळे मिटायचे आणि कठड्यावरून नारळ खाली टाकायचा. आमचे हे तेवढा वेळ स्कूटर चालू ठेवून उभे राहायचे. कुणी पोलीस आला तर पळायला सोयीचं पडावं म्हणून. ते गेल्यापासून मी रिक्षावाल्याला थांबवून ठेवते.

माझी मुलगी केतकी एडिनबराला हॉस्पिटलात नर्स आहे. यंदा तिने मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "आई, आपण शेटलंडला जाऊ, स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं. तिथे खाडीत व्हेल येतात, बोटीतून बघायचे." मी कालनिर्णयाचं पान उलटलं. पौर्णिमा नेमकी त्याच दिवसांत येत होती. इतक्या वर्षांनी खरा समुद्र! मी एडिनबरातल्या इंडियन दुकानातून चांगला शेंडीचा नारळ निवडून घेतला आणि टॉवेलात गुंडाळून बॅगेत तळाशी ठेवला.

"आई, बॅगेत एवढं जड काय आहे?" केतकीने फेरीबोटीवर चढतानाच विचारलं.

"नारळ."

"ओ गॉड. हे बघ, इथे समुद्रात काहीही टाकायचं नाही. लिटरिंग धरतात. लोक सरळ कम्प्लेंट करतात."

"दर्याला नारळ दिला तर लिटरिंग?"

"आई, प्लीज. प्रॉमिस मी."

मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे ऐकलं, असं तिला वाटलं. एवढी वर्षं परदेशात राहून पोर स्वतःच्या आईलाच विसरली म्हणायची.

झाड नसलेला गाव

अ‍ॅबरडीनहून फेरीने रात्रभर कसे हिंदकळत गेलो, ते सांगत बसत नाही. सकाळी उतरलो आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की या बेटांवर झाडच नाही. नजर टेकवायला जागा मिळेना. हिरवं गवत, दगडी कुंपणं, मेंढ्या, गुडघ्याएवढे वाटणारे झिपरे घोडे आणि वारा. आम्ही राहिलो त्या गावात तर एका गोठ्यावर छप्पर म्हणून चक्क एक जुनी होडी पालथी घातलेली होती. लाकूडच मिळत नाही म्हटल्यावर करणार काय?

खाडी मात्र पाहताक्षणी आवडली. लांबट, अरुंद, दोन्ही बाजूंनी उतरत्या टेकड्या. एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला पांढऱ्या वाळूची चंद्रकोर. आम्ही उतरलो होतो ते घर वाळूच्या वरच होतं. घराची मालकीण इंगा, सत्तरीच्या पुढची, उंच आणि ताठ. अंगात स्वतः विणलेला नक्षीचा स्वेटर. तिचं बोलणं अर्धं मला कळायचं आणि अर्धं केतकीला. दोघी मिळून आमचं बरं चाललं होतं. तिचा धाकटा भाऊ मॅग्नस खालच्या जेटीवरून पाहुण्यांना होडीतून व्हेल दाखवायला न्यायचा.

इंगाच्या फाटकावर एक कमान होती. माणसाहून उंच असे दोन पांढुरके, वाकलेले खांब वर एकमेकांना टेकलेले. माझी शाल फेरीच्या डेकवर भिजली होती. ती मी त्या कमानीवर वाळत घातली आणि खांबावरून हात फिरवत म्हटलं, "काय सुंदर लाकूड आहे हो!"

"जबडा आहे तो," इंगा म्हणाली. "व्हेलचा."

मी शाल अशी ओढून घेतली, की तिची एक गोंड्याची किनार कमानीलाच अडकून राहिली. इंगा हसली. "घाबरू नका. माझ्या आजोबांच्या आधीपासून उभा आहे, अजून कुणाला चावला नाही."

त्या संध्याकाळी तिने ओट्सच्या पिठात घोळवून हॅडॉक मासा तळला. मासा काय सांगू, ताजा, लुसलुशीत, पण चव अगदी सोवळी. मिरची आहे का विचारलं तर तिने मोठ्या अभिमानाने मिरपुडीची डबी आणून ठेवली. मग मी माझी मालवणी मसाल्याची पुडी काढली. इंगाने चिमूटभर लावून खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं, नाक पुसलं आणि पुडी स्वतःकडे ओढून घेतली. तेव्हापासून आमचं जमलं. मी काही गवत खाणारी नाही, ताटात मासा नसेल तर मला जेवल्यासारखं वाटत नाही. हे मुद्दाम सांगते. पुढे जे ऐकलं आणि पाहिलं त्याने मी हादरले, ते काही कुठल्या अहिंसेच्या व्रतामुळे नव्हे.

जेवण झाल्यावर मॅग्नस चहाला आला. साठीचा, दाढीवाला, हळू बोलणारा माणूस. बसायच्या खोलीत भिंतीवर एक जुना फोटो होता. हीच खाडी, हीच चंद्रकोर, आणि वाळूवर पालथ्या घातलेल्या काळ्या होड्यांची लांबच लांब रांग. मध्ये बाह्या सरसावलेले पुरुष, डोक्याला फडकी बांधलेल्या बायका आणि पोरं.

"केवढ्या होड्या होत्या तुमच्या गावात!" मी म्हटलं.

इंगाने भावाकडे पाहिलं. मॅग्नसने कप खाली ठेवला. "होड्या नाहीत त्या," तो म्हणाला.

मी जवळ जाऊन पाहिलं. होडीला पर नसतात. होडीला तोंड नसतं. एकाचं तोंड उघडं होतं आणि त्यातले बारके दात दिसत होते.

मॅग्नस सांगू लागला. हे पायलट व्हेल. काळे, गोल कपाळाचे, कळपाने राहणारे. पूर्वी कळप खाडीच्या तोंडाशी दिसला की टेकडीवरून कुणीतरी आरोळी द्यायचं. मग माणसं शेतातलं, चुलीवरचं असेल ते काम टाकून खाली धावायची. सगळ्या होड्या पाण्यात. सगळ्यांना वाटा. खाली किनारा ज्याच्या मालकीचा त्या जमीनदारालाही वाटा, तो घरात बसून राहिला तरी.

"अगदी आमची रापण!" मी टाळीच वाजवली. "आमच्याकडेही अस्संच. हाक आली की सगळा गाव दोरीला. नंतर वाटे."

"हो का?" मॅग्नस म्हणाला. त्याला बरं वाटलं असावं, कारण पुढचं त्याने थोडं मोकळेपणाने सांगितलं. होड्या कळपाच्या मागे, समुद्राच्या बाजूला जायच्या आणि अर्धवर्तुळ करायच्या. होडीत दगड भरलेले असायचे. ते व्हेलना मारायचे नाहीत, त्यांच्या मागे पाण्यात मारायचे. या जिवांना सगळं कानाने कळतं. मागे धबाधब आवाज झाला की ते पुढे पळतात, आणि पुढे उथळ आहे हे कळेपर्यंत वाळूला पोट लागलेलं असतं. मग सुऱ्या. जेटीपर्यंत पाणी लाल व्हायचं. चरबीचं तेल निघायचं, त्या तेलावर हिवाळाभर दिवे जळायचे आणि उरलेलं विकून पीठ यायचं.

"ही आमची आजी," इंगाने फोटोतल्या एका चिमुरडीवर बोट ठेवलं. ती एका काळ्या पाठीवर बसून हसत होती. "ती सांगायची, त्या दिवशी फार थंडी होती. कापलेल्या पोटात पाय घालून आम्ही पोरं ऊब घेत होतो."

मला पुढचा चहा गेला नाही. मीही लहानपणी बांगड्यांच्या ढिगावर अशीच बसून हसले होते, घरी तसा फोटो आहे. पण बांगडा गरम नसतो. बांगड्याच्या पोटात कुणी पाय शेकत नाही.

"पहिला दगड टाकायचा मान आमच्या घराण्याचा होता," मॅग्नस म्हणाला. "पणजोबा टाकायचे, मगच बाकीच्या होड्या. सगळ्यांना माहीत आहे इथे. म्हणूनच मी हा धंदा सुरू केला. लोकांनी यावं, लांबून बघावं, जावं. माझ्या होडीपायी एक जरी व्हेल त्या वाळूवर आला ना, तर दुसऱ्या दिवशी होडी विकून टाकीन."

हे बोलताना तो आमच्याकडे बघत नव्हता, फोटोकडे बघत होता.

पौर्णिमा

सकाळी पाणी ताटात ठेवल्यासारखं सपाट होतं. मी आंघोळ करून सुती साडी नेसले, वरून केतकीची पॅन्ट, जॅकेट आणि लाइफ जॅकेट असा सगळा जामानिमा चढवला. नारळ पर्समध्ये बसेना म्हणून खांद्यावरच्या झोळीत टाकला. बरोबर हळदकुंकवाची डबी.

निघण्याआधी मॅग्नसने नियम सांगितले. ओरडायचं नाही, टाळ्या नाहीत, होडीच्या तळावर पाय आपटायचे नाहीत, आणि पाण्यात काहीही टाकायचं नाही, अगदी सफरचंदाचा गाभासुद्धा. मी सगळं नीट ऐकलं, मान हलवली. पण खरं सांगते, नारळ त्यात येतो असं माझ्या मनालाही शिवलं नाही. देवाला वाहिलेली वस्तू कचऱ्यात कशी मोजायची? केतकीने माझ्या झोळीकडे एकदा पाहिलं, मी समुद्राकडे पाहिलं.

बराच वेळ बाहेर फिरलो. सील दिसले, खडकावर म्हातारे लोक उन्हाला बसावेत तसे पडलेले. गॅनेट नावाचे पांढरे पक्षी उंचावरून सुरीसारखे पाण्यात घुसत होते. व्हेल काही दिसेना. "नेचर आहे, झू नाही," केतकी माझी समजूत घालत होती. परत फिरताना खाडीच्या तोंडाशी मॅग्नसने इंजिन बंद केलं. नुसतं ऐकायचं, म्हणाला. तो आणि केतकी पुढे दुर्बिणी लावून खाडीच्या आतल्या बाजूला बघत उभे राहिले. मी मागे एकटीच.

यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. नारळ काढला, हळदकुंकू लावलं, डोळे मिटले. वडिलांची आठवण काढली, ह्यांची काढली. दर्याराजा, सगळ्यांना सांभाळ, म्हटलं. आणि पुलावरून टाकते तसा, डोक्यावरून हात नेऊन सगळ्या ताकदीने नारळ फेकला.

त्या शांततेत तो बंदुकीसारखा वाजला.

डोळे उघडले तेव्हा मॅग्नसचा हात वर होता. गप्प राहा म्हणून त्याने तो मी नारळ फेकण्याआधीच वर केला होता. त्याला ते दिसले होते, मला मिटलेल्या डोळ्यांना काय दिसणार? आमच्या आणि वाळूच्या मधे, अगदी जवळ, काळी गोल डोकी पाण्यावर आली होती. वाकडे पर, चकचकीत पाठी, फुस्स करून उडालेल्या वाफा. ते खाडीतून बाहेर निघाले होते. नारळ त्यांच्या पुढ्यातच पडला होता. एका क्षणात ती सगळी डोकी मागे वळली आणि कळप उलटा, खाडीच्या आत, वाळूच्या दिशेने सुटला.

माणसाचा चेहरा इतका चटकन पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"काय टाकलंत?" मॅग्नसने विचारलं.

"कोकोनट," मी म्हणाले.

त्याला कळलंच नाही. तो एकदा माझ्याकडे, एकदा पाण्यावर डुलणाऱ्या नारळाकडे बघत राहिला. मग त्याचा हात इंजिनकडे गेला आणि तिथेच थांबला. "लावलं तर आणखी आत जातील," तो स्वतःशीच म्हणाला आणि गुडघ्यांवर हात ठेवून फळीवर बसला. टेकडीवरून कुणीतरी हर्षाने आरोळी दिली. व्हेल आले, व्हेल आले! घरांची दारं उघडली, माणसं खाली धावत सुटली, सगळी वाळूकडे.

"आई, मी तुला सांगितलं होतं," केतकी म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

ओहोटी

वल्ही मारत, काठाकाठाने आम्ही जेटीला लागलो. कळप खाडीच्या टोकाला उथळात गोल गोल फिरत होता. मी पाण्याची काळी रेघ दगडावर पाहिली. ओहोटी लागली होती. साधीसुधी नव्हे, पौर्णिमेची. मालवणच्या मुलीला ते शिकवावं लागत नाही. उधाणाचं पाणी जितकं चढतं तितकंच लांब ओसरतं. वर्षभर मी ज्या दिवसाची वाट पाहिली, त्याच दिवशी या खाडीतलं पाणी सगळ्यात लांब जाणार होतं.

वाळूवर सगळा गाव उभा होता. पुरुष, बायका, पोरं. भिंतीवरचा फोटोच. फरक इतकाच, की कुणी ओरडत नव्हतं. मॅग्नस आला तशी लोकांनी त्याला वाट दिली, पण त्याच्या डोळ्यांकडे कुणी बघेना. पहिल्या दगडाचं घराणं, आणि कळप त्याच्या होडीपुढून वाळूकडे आलेला. मी पुढे होऊन ज्याला त्याला सांगायला लागले, "मी केलं. त्यांनी नाही, मी." माझं इंग्रजी कुणाला किती कळलं देव जाणे. इंगाने माझा दंड धरला आणि हातात बादली दिली.

सगळ्यात मोठी मादी आधी रुतली. ती रुतली तसे बाकीचे तिच्याभोवती दाटले, हलेनात. पाणी त्यांच्या पाठींवरून उतरत चाललं. प्राण्यांची डॉक्टर व्हॅन घेऊन आली, केतकीहून लहान वाटणारी मुलगी. तिने भराभर कामं सांगितली. कातडी ओली ठेवा, चादरी भिजवून टाका, डोक्यावरचं श्वासाचं भोक मात्र झाकू नका. इंगाच्या सगळ्या चादरी संपल्या. मी जॅकेटखालची साडी सोडली, पाण्यात बुचकळली आणि त्या मादीच्या पाठीवर पसरली. केतकीने दुसरं टोक धरलं. आम्ही दोघी एकमेकींशी न बोलता पाणी ओतत राहिलो.

तिने श्वास सोडला तो माझ्या तोंडावर आला. गरम होता. त्याला माशांचा वास होता, आमच्या घराला येतो तसाच. तिचा डोळा माझ्याकडे होता की नाही, मला माहीत नाही. ती आतून बारीक शिट्टीसारखा आवाज काढत होती आणि उथळातून बाकीचे तिला उत्तर देत होते. मी आयुष्यभर कानाला हेडफोन लावून लोकांचे कॉल जोडले. हाक आणि उत्तर मला ओळखू येतं. मला रडू फुटलं.

डॉक्टरने तिला तपासलं. मी तिलाही सांगितलं, मी काय केलं ते. ती म्हणाली, "हिची मान बघा, किती खोल गेलीय. बरेच दिवस आजारी असणार. कदाचित हीच त्यांना आत घेऊन आली असेल, आणि पुन्हाही आणलं असतं."

"कदाचित?"

"कदाचित," ती म्हणाली. त्या शब्दाला मी अजून चिकटून आहे, पण रात्री तो पुरत नाही.

मग ती मॅग्नसशी हळू आवाजात बोलली आणि व्हॅनमधून बंदूक घेऊन आली. मला काही उमजेना. वाचवायला आलेली डॉक्टर बंदूक कशाला आणते? मी तिच्या आडवी गेले. "मारणार? अहो, इतका वेळ पाणी कशासाठी घातलं मग?"

"आई, बाजूला हो." केतकीने मला मागून मिठीत धरलं. "तिला ब्रीद करता येत नाहीये. स्वतःच्याच वजनाखाली दबतेय ती. आणि ती हाक मारतेय तोवर बाकीचे जाणार नाहीत. माझ्या वॉर्डात मी हे बघते गं. प्लीज."

सगळ्यांना लांब उभं केलं. मी कानांत बोटं घातली नाहीत. माझ्यामुळे झालं असेल तर ऐकायलाच हवं होतं. आवाज झाला, माझ्या नारळाच्या आवाजासारखाच, आणि ती शिट्टी थांबली. उथळातले थोडा वेळ विचारत राहिले.

संध्याकाळी भरती लागली. तिथे उन्हाळ्यात उजेड लवकर सरत नाही, सगळं स्वच्छ दिसत होतं. बाकीचे एकेक करून तरंगले, अंगात बळ होतं त्यांच्या. पण जाईनात. माझ्या साडीने झाकलेल्या त्या देहासमोर गोल गोल फिरत राहिले.

"आता नाही गेले तर पुढच्या ओहोटीला सगळे वाळूवर," डॉक्टर म्हणाली. "वळवायला हवं. समुद्राची बाजू मोकळी ठेवा आणि वाळूच्या बाजूने आवाज करा. त्यांच्या मागे, पाण्यात."

कुणी हललं नाही. म्हणजे काय करायचं, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लोक मॅग्नसकडे बघत होते. तो वाकला, त्याने एक गुळगुळीत दगड उचलला आणि तसाच उभा राहिला. त्याचा हात वर जाईना. मग तो सगळ्यांसमोर माझ्याकडे चालत आला आणि तो दगड माझ्या हातात ठेवला.

"तुमचा हात चांगला आहे," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. विनंती होती.

मालवणला पौर्णिमेला नारळावर नारळ आपटून लढवताना पोरांना हरवणारा हात तो. डोक्यावरून नेला आणि सोडला. दगड व्हेलच्या अलीकडे, बरोबर मागे पडला. धब्ब. काळी डोकी चमकून वळली. मग इंगाने टाकला, मग केतकीने, मग म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, सगळ्यांनी. नुसता दगडांचा आवाज. कळप पुढे सरकला, थांबला, पुन्हा सरकला, जेटी ओलांडली, आणि खाडीच्या तोंडाशी वाफा उडाल्या, एकामागून एक. त्यानंतर नुसतं पाणी राहिलं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. इंगा हात झटकत म्हणाली, "पणजोबांचे तेच दगड असतील. टाकलेले दगड जातात कुठे? इथेच वाळूत असतात."

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी आमची परतीची फेरी होती. नाश्त्याच्या वेळी इंगा बाहेरून आली ती चहाच्या फडक्यात काहीतरी घेऊन. "हा तुमचा ना? जेटीखाली अडकला होता."

नारळ. कुंकवाचा लाल डाग अजून शेंडीपाशी होता. माझा हात पुढे होईना.

खाली जेटीवर मॅग्नस होडी घासत होता. त्याने रात्रीच वरच्या अधिकाऱ्यांना कळवून टाकलं होतं, माझं नाव न घेता. "माझ्या होडीवर घडलं, माझी जबाबदारी," म्हणाला. होडी विकणार का, ते विचारायचा धीर मला झाला नाही. मागाहून केतकीला त्याचा मेसेज आला. चौकशी झाली, होडी राहिली, फक्त एक नियम वाढला. पिशव्या जेटीवर ठेवायच्या. तो नियम माझा.

त्या सकाळी त्याने नारळ हातात घेऊन फिरवून पाहिला. "तुमच्याकडे हा समुद्राला कसा देतात?"

मी सवयीने हात डोक्यावर नेला, आणि तिथेच थांबले. मालवणचा धक्का आठवला. वडील कंबरभर पाण्यात उतरायचे. नारळ दोन्ही हातांत धरायचे, वाकायचे आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तसा पाण्यावर ठेवायचे. मी फेकायला शिकले ती पुण्याच्या पुलावर. तिथे दुसरं काही करताच येत नाही. इतकी वर्षं फेकला, की ठेवायचा असतो हेच विसरले.

"फेकत नाहीत," मी म्हणाले. "ठेवतात."

"मग ठेवा," मॅग्नस म्हणाला.

केतकीने माझी पॅन्ट गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि माझा हात धरून पाण्यात आली. पाणी इतकं गार, की पोटऱ्यांत कळ गेली. थोड्या अंतरावर ती मादी वाळूत होती, अंगावर माझी साडी, अजून ओली. मी वाकले आणि दोन्ही हातांनी नारळ पाण्यावर ठेवला.

काहीच आवाज झाला नाही.